अक्का, तुझ्या पिंपातली ज्वारी

अक्का, तुझ्या निळ्या पिंपाचं झाकण मी उघडलं तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. हस तू. ‘भित्री भागूबाई’ म्हण. भिंतीवर पाल दिसली तरी मी चप्पल न घालता तुझ्या दारात येऊन उभी राहायचे, ते आठवून पदर तोंडाला लावून हस. पण या वेळी तू असतीस ना, तर तुझंही हसू गेलं असतं गो.

मंडळाच्या दिवाळी अंकासाठी ‘अक्कांबद्दल चार ओळी लिहून दे’ असा निरोप आला होता. दिल्या लिहून. ओमानातल्या या सलालाहमधल्या सगळ्या मराठी घरांची तू कशी थोरली बहीण होतीस, शेजारच्या मुसलमान बाईला, म्हणजे मला, तुझ्या स्वयंपाकघरात कधी परकं वाटू दिलं नाहीस, सगळं लिहिलं. खोटं त्यात काही नाही. पण जे मला रात्रंदिवस खातंय ते त्यात नाही. ते तुझ्याशिवाय कुणाला सांगणार? आपण दोघींनी मिळून वाळवलेली ज्वारी आहे ती.

तू गेलीस, आणि दाजी तुला घेऊन मंगळवेढ्याला गेले. तिथलं सगळं उरकून परत आले. पोर्टवरच्या क्रेनचा मेकॅनिक असा किती दिवस गावाला राहणार? ते नसताना तुमच्या घराची किल्ली माझ्याकडे होती. मी रोज जाऊन तुळशीला पाणी घालायचे आणि लगेच बाहेर यायचे. तुझी साडी अजून दोरीवर होती, ती काढायचा धीर झाला नाही.

तुझा महिन्याचा दिवस जवळ आला तसं मंडळातल्या लोकांनी ठरवलं की इथेही काहीतरी करायचं. कुणी म्हणालं भजन, कुणी म्हणालं सभा. दाजी म्हणाले, “भाषणं नकोत. तिनं भरून ठेवलेली ज्वारी आहे. घरोघरी थोडी थोडी द्या, आणि त्या दिवशी सगळ्यांनी त्याच ज्वारीच्या भाकऱ्या करून आणा. पिठलं, ठेचा, भाकरी. तिच्या हातचं शेवटचं.” सगळ्या बाया रडल्या. मीपण रडले. कारण सगळ्यांना ठाऊक होतं, तू कुणाला दारात आल्या आल्या भाकरी वाढशील, पण तुझ्या माहेरची मालदांडी ज्वारी नुसती कुणाला ओंजळभरही दिली नाहीस कधी. “भाकरी माग, देते. ज्वारी मागू नगंस,” असं तोंडावर सांगायचीस.

मग दाजी तुझं पिंप बुडाच्या कडेवर फिरवत फिरवत आमच्या दारात घेऊन आले. “रुबीना, दोन पिंपं आहेत. एक माझ्याकडे राहू दे, एक तू घे. वाटायचं काम तूच कर. तिनंसुद्धा तुलाच सांगितलं असतं.”

मला किती बरं वाटलं सांगू! तुझी ज्वारी माझ्या हाती आली होती.

सकाळी आमची सना शाळेच्या बसमध्ये बसली, तिचा बाप अस्लम सनायाच्या गॅरेजांच्या वस्तीतल्या त्याच्या स्पेअर पार्टच्या दुकानात गेला, आणि मी पिशव्या, माप, परात असं सगळं मांडून बसले. झाकणाची कडी सोडवली. आधी लोबानाचा वास आला, तुझ्या घराचा. माझे डोळे भरून आले. मग त्या लोबानाखालून दुसरा वास आला. ओलं फडकं बादलीत विसरून राहिलं की येतो तसा कुबट, आणि त्यात काहीतरी आंबूस. झाकण उलटं केलं तर आतून पाण्याचे थेंब. ज्वारी वरून पांढरी दिसायला हवी ती राखाडी-हिरवी, सायीसारखी एकसंध. मी माप घातलं तर ते रुतलं. हाताने उचलायला गेले तर मुठीएवढा गोळाच वर आला आणि दाण्यादाण्यांमधून पांढरे तंतू ताणले गेले. गोळा फुटला, आत काळं. बारीक धूळ उडाली. मी श्वास कोंडून धरला, पण एक श्वास तर आधीच घेतला होता.

आणि अक्का, आत ऊब होती. एसीच्या खोलीतून आलेलं पिंप, रात्रभर माझ्या थंड फरशीवर उभं, आणि कोपरापर्यंत हात घातला तर आत ऊब. तापलेल्या माणसाच्या अंगासारखी. मी हात काढला, झाकण लावलं, साबणाने कोपरापर्यंत हात धुतले, पुन्हा धुतले, आणि बाल्कनीत जाऊन उभी राहिले.

तिथे उभ्या उभ्या मला मे महिन्यातली गच्ची आठवली. तुझ्या भावाने कार्गोवाल्याकडून पोती पाठवली की तुझ्या अंगात यायचं. “पावसाळ्याच्या आत बेगमी झाली पायजे.” मी म्हणायचे, “अक्का, खाली सुपरमार्केट आहे. पाहिजे तेव्हा ज्वारी मिळते, पीठसुद्धा मिळतं.” त्यावर तू माझ्याकडे अशी बघायचीस की मी काही अभद्रच बोलले. जुन्या चादरी पसरायच्या, त्यावर पोती ओतायची, आणि त्या उन्हात आपण दोघी डोक्याला ओढण्या गुंडाळून पायाने ज्वारी खालवर करायची. तळवे भाजायचे. खालच्या मजल्यावरची ओमानी घरमालकीण जिन्यातून वर यायची, आपल्याकडे बघून डोक्याला हात लावायची आणि खजूर ठेवून जायची. तिनेच तुला लोबान शिकवला. त्यांच्याकडे पाण्याच्या मडक्यांना लोबानाची धुरी देतात ना, तशी तू पिंपांना द्यायला लागलीस. “गावाकडं कडुनिंबाचा पाला घालतो आमी. हितल्या लिंबाला जोर न्हाई. हे बरंय, वासपण चांगला.” पिंप पालथं घालून आत धूर कोंडायचा, आणि मग उन्हातली ज्वारी, हात लावला तर चटका बसेल अशी, तशीच पिंपात. लगेच झाकण. लगेच एसीच्या खोलीत. “गारव्यात किडा न्हाई लागत,” म्हणायचीस. किडा नाहीच लागला कधी. एक सोंडा दिसला नाही तुझ्या ज्वारीत. त्याचा तुला केवढा तोरा!

गरम धान्य झाकून गार खोलीत ठेवलं की त्याला आतून घाम फुटतो, हे आपल्याला कोण सांगणार? तुझ्या माहेरी कणगी होती, बांबूची, शेणाने सारवलेली. ती श्वास घेते. माझ्या माहेरी भात, तो तुसासकट ठेवतात. प्लास्टिकचं पिंप आणि एसी आपल्या दोघींच्याही आयांनी पाहिला नव्हता. मग इथला खरीफ आला. डोंगर हिरवे, रस्त्यात धुकं, दिवसरात्र ती भुरभुर. सगळं आखात उन्हाने भाजत असताना आपल्या सलालाहला गारवा म्हणून लांबलांबून गाड्या येतात. आपण एसी बंद करतो, खिडक्या सताड उघडतो. तू रोज झाकण काढायचीस, दळणापुरती ज्वारी घ्यायचीस, आणि ती ओली हवा पिंपात जायची. “आमच्याकडं खरीप म्हंजे पेरणी, हितं खरीफ म्हंजे पिकनिक,” म्हणायचीस, आणि भाकऱ्यांचं गाठोडं बांधून सगळ्यांना डोंगरावर न्यायचीस.

त्याच दिवसांत आपलं भांडण झालं. मी साखर मागायला आले होते आणि तू पिंपात वाकून वरचा थर खरवडत होतीस. मी बघितलं आणि ओरडलेच, “अक्का, बुरशी आहे ती! टाक सगळी!”

“टाक काय टाक! वरचं काढायचं. खालचं चांगलं हाय.”

“खाली पण गेली असेल.”

“धुती, पंख्याखाली वाळवती, तव्यावर भाजती. मग काय ऱ्हातंय त्यात? लई शिकलीस तू.”

“आमच्याकडे तांदळाला असा वास आला तर आई कोंबड्यांना पण घालत नाही.”

मग तू कंबरेवर हात ठेवलास. “तुज्या आईकडं गुडघाभर पाण्यात भात पिकतोय. आमची आई दुष्काळात रेशनची लाल मिलो ज्वारी खाऊन ऱ्हायली, मी पोटात हुते तवा. ज्वारी टाकायची म्हनं! हात झडंल.”

मी पाय आपटत घरी आले. तुझ्याशी बोलायचं नाही असं ठरवलं. संध्याकाळी तूच सनाच्या हातून गरम भाकरी पाठवलीस, वर तूप आणि गूळ. निरोप काय, तर ‘भागूबाईला सांग, खाऊन बघ, मरत न्हाईस.’ मी हसले आणि खाल्ली. भांडण मिटलं असं आपण धरलं, पण ते मिटलं कुठे होतं? तुला पटलं नव्हतं, मला पटलं नव्हतं. पुढच्या मे महिन्यात गच्चीवर पुन्हा भांडू असं मला वाटत होतं.

मग तुझी भूक गेली. मग डोळे पिवळे झाले. मग पोट फुगलं. डॉक्टरांनी हा व्हायरस बघितला, तो बघितला, दारू पिता का विचारलं, आणि तू एवढ्या वेदनेतही म्हणालीस, “आता तेवढंच ऱ्हायलंय.” लिव्हर गेलं एवढंच कळलं. का गेलं ते कळलंच नाही. आणि त्या सगळ्या दिवसांत तुला दुसरं काही पोटात ठरत नव्हतं. दवाखान्याचं सूप तू बाजूला सारायचीस. दाजी रोज सकाळी उठून तुझ्या ज्वारीच्या कण्या शिजवायचे, पातळ, ताक घालून, आणि स्टीलच्या डब्यात घेऊन दवाखान्यात यायचे. चमच्या-चमच्याने तुला भरवायचे. मी बघितलंय. नर्सबायापण कौतुक करायच्या. बाल्कनीत उभ्या उभ्या मला तो डबा आठवला.

आणि त्यानंतर मला सना आठवली. म्हणजे खरं तर आधी सनाच आठवली होती, पण मी तो विचार दाराबाहेर उभा करून ठेवला होता.

माझी सना माझ्या हातचं जेवत नाही हे तुझ्याइतकं कुणाला माहीत होतं? शाळेतून आली की दप्तर आमच्या दारात, आणि ती तुझ्या दारात. “अक्कामावशी, भाकरी!” पूर्ण खरीफभर. तू तिला दुधात कुस्करून दिलीस, गुळाशी दिलीस, लहान लहान चांदक्या करून दिल्यास. ती पोटात असताना मला पाणीसुद्धा ठरत नव्हतं, माहेर इथून समुद्रापार, तेव्हा तू ज्वारीचं आंबील पाजून मला उभी केलीस. मी म्हणायचे, ही पोर माझी कमी आणि ज्वारीची जास्त. तू केवढी खूश व्हायचीस. अक्का, तिचे केस, तिचे गाल, ती जी एकदम उंच झाली, ते तुझ्या भाकरीवर झालं. हे मी आजही म्हणते. आणि त्याच भाकरीतून आणखी काय गेलं तिच्या अंगात, हेही मनातून जात नाही. दोन्ही एकदम खरं असतं तेव्हा माणसाने करायचं काय?

मी शाळेत फोन करून तिला लवकर आणलं आणि थेट दवाखान्यात नेलं. आपले ते मल्याळी डॉक्टर, तेच. मी त्यांना पिंपाचा फोटो दाखवला. त्यांनी तो मोठा करून बघितला आणि खुर्चीत सरळ झाले. म्हणाले, सगळ्याच बुरशीत विष असतं असं नाही, पण असलं तर ते लिव्हरवर जातं, आणि धुऊन, भाजून, शिजवून ते जात नाही. बघून कळत नाही, चवीने नक्की कळत नाही. मी विचारलं, “आमच्या अक्का…?” ते टेबलावरचा पेन फिरवू लागले. म्हणाले, “आता कोणीच सांगू शकणार नाही. तुम्ही स्वतःला हा प्रश्न विचारत बसू नका.” सांगायला काय जातं!

सनाचं रक्त घेतलं. ती रडली नाही, मी रडले. रिपोर्ट नॉर्मल आला. मी हुश्श केलं तोवर डॉक्टर म्हणाले, “काही महिन्यांनी पुन्हा करू.” अस्लम म्हणाला, “नॉर्मल म्हणजे नॉर्मल, खलास, आता डोक्यातून काढ.” पुरुषांचं बरं असतं. मला ते ‘पुन्हा’ तेवढं ऐकू येतं.

आता मुद्दा होता तुझ्या महिन्याच्या जेवणाचा. ही ज्वारी कुणाच्या घरात जाऊ द्यायची नाही हे तर ठरलंच. पण सांगायचं कसं? अक्काची ज्वारी नासलेली होती म्हटलं की पुढचा प्रश्न कुणाच्याही तोंडात येणार. तुझ्या दाराला लोक ‘भाकरीचं दार’ म्हणायचे. आणि दाजी? त्यांना काय सांगू, की त्या डब्यातून तुम्ही काय भरवत होतात? शिवाय मनात हेही येऊन गेलं की हिंदूंच्या घरचं महिन्याचं धान्य, आणि ते टाका म्हणणारी मी मुसलमान बाई. तू मला त्यासाठी कानाखाली दिली असतीस. पण भीती आली की ती काय काय घेऊन येते.

म्हणून मी एक युक्ती काढली. सुपरमार्केटमधून नवी ज्वारी आणायची, पिशव्या भरायच्या, तुझी म्हणून वाटायची. पिंपातली गुपचूप टाकून द्यायची. पिंप धुऊन, वाळवून दाजींना परत. कुणाला काही कळायला नको. ज्वारी आणली, पिशव्या भरल्या, वर तुझ्या नावाच्या चिठ्ठ्यासुद्धा लावल्या. मी स्वतःलाच शहाणी वाटले. मग दाजींना तेवढं सांगून यावं म्हणून तुझ्या दारात गेले, की पिशव्या तयार आहेत.

दार उघडंच होतं. दाजी स्वयंपाकघरात स्टुलावर बसून जेवत होते. पुढ्यात वाडगं. कण्या आणि ताक.

“ये ये, रुबीना. जेवतेस? तिच्यासारख्या नाही जमत, पण पोट भरतं. दुसऱ्या पिंपातल्या आहेत. पुरवून पुरवून खातोय बघ. आहेत तोवर ती आहे असं वाटतं.”

बाजूला तुझी घरघंटी, तिच्यावर तुझं फडकं. कोपऱ्यात दुसरं पिंप, झाकण अर्धवट टेकलेलं. आणि तोच वास.

माझी युक्ती वगैरे सगळी तिथेच गळून पडली. मी पुढे गेले आणि त्यांच्या हातातून वाडगं ओढून घेतलं. असं मी आयुष्यात कुणा मोठ्या माणसाशी वागले नव्हते. ताक माझ्या ओढणीवर सांडलं.

“दाजी, खाऊ नका. हात जोडते, खाऊ नका.”

मग मी सगळं सांगितलं. झाकणाचं पाणी, गोळा, ऊब, डॉक्टर. सनाचं रक्त. बाजारातून आणलेली नवी ज्वारीसुद्धा. तुझं नाव मी मुद्दाम घेतलं नाही. पण नाव न घेता किती वेळ बोलणार?

दाजी उठले. पिंपापाशी गेले, झाकण काढलं आणि वाकून वास घेतला. मला वाटलं पडतात की काय.

“हा वास होय,” ते म्हणाले. “अगं, हा तर सगळा पावसाळा आमच्या घरात होता. मला वाटायचं तिच्या लोबानाचाच आहे.”

मग ते स्टुलावर येऊन बसले आणि दोन्ही तळवे उलटे करून बघत राहिले. “म्हणजे तिला मी…”

“नाही दाजी. डॉक्टर म्हणाले, कुणीच सांगू शकत नाही.”

“मग तू एवढी का थरथरतेस?”

मी त्यांच्यासमोर फरशीवर बसले. तुझा नवरा माझ्यासमोर लहान पोरासारखा रडला अक्का, आणि मी त्याच्या पाठीवरून हात फिरवू शकले नाही, कारण मला वाटत होतं माझ्या हातालाही ती धूळ लागलेली आहे. हुंदका देत देत एकच म्हणत होते, “खात होती गं. दुसरं काही खात नव्हती, हे तेवढं खात होती.”

शांत झाल्यावर ते म्हणाले, “तू ज्वारी आणलीस ना नवी? ती वाट. तिचीच म्हणून वाट. मंडळात कुणाला सांगू नकोस. ती लोकांना खाऊ घालून मोठी झालेली बाई आहे. तिचं तेवढं राहू दे.” जी गोष्ट मी त्यांच्यापासून चोरून करणार होते ती तेच मला करायला सांगत होते. मी हो म्हटलं. त्यांनाही त्याच डॉक्टरकडे न्यायचं कबूल करून घेतलं. गेले ते, अस्लम बरोबर गेला. त्यांचाही रिपोर्ट ठीक आला, आणि त्यांनाही ‘पुन्हा’ सांगितलंय.

शुक्रवारी अस्लमने पिकअप आणली. दोन्ही पिंपं मागे चढवली. दाजी म्हणाले, गावाबाहेर कुठे पसरून येऊ, पाखरं खातील, ती कबुतरांना घालायचीच. मग स्वतःच म्हणाले, नको. वाटेत रस्त्याच्या कडेला उंट उभे होते, तुझेच ते, ज्यांना तू शिळ्या भाकऱ्या भरवायचीस आणि नावं ठेवायचीस. गाडी थांबल्यावर एकाने मान लांब करून पिकअपकडे तोंड आणलं. दाजींनी अस्लमच्या शेजारून हॉर्नवर हात ठेवला तो उचललाच नाही, तो उंट लांब जाईपर्यंत. म्युनिसिपालिटीच्या मोठ्या कचरापेटीपाशी आम्ही ती ज्वारी काळ्या पिशव्यांत भरली, कुणा शेळीच्या तोंडी लागू नये म्हणून वर फिनेल ओतलं, दुहेरी गाठी मारल्या. आम्ही तिघांनी तोंडाला फडकी बांधली होती. शेवटची पिशवी टाकल्यावर दाजींनी त्या पेटीला हात जोडले. मीपण ओंजळ पसरून दुआ मागितली. कुणासाठी ते नीटसं ठरवलं नाही, तुझ्यासाठी आणि सनासाठी मिळून एकच मागितली.

आणि अक्का, तुझं जेवण फार चांगलं झालं. हॉल भरला होता. प्रत्येक घरातून फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या आल्या. मीपण केल्या. माझी तांदळाची भाकरी कशी सुरेख उतरते, पण ज्वारीची थापायला घेतली की कडेने चिरा, आणि तुझं ते “मासळी खानाऱ्याचं काम न्हाई हे” कानात. या वेळी दोन तर अगदी गोल आल्या. तू बघायला हवी होतीस. लोक पहिला घास घेत होते आणि डोळे मिटत होते. “अहाहा, अक्कांच्या ज्वारीची चवच वेगळी.” “ही माती इथली नव्हेच.” “बाजारच्या ज्वारीला ही गोडी येईल का?” मी मान खाली घालून पिठलं वाढत होते. दाजी प्रत्येकाला म्हणत होते, “खा, खा, पोटभर खा.” त्यांचा आवाज मोकळा होता. तुझ्या नावाने लोक निर्धास्त जेवत होते, आणि त्या एका वेळेपुरती माझीही भीती जरा मागे सरली.

सना माझ्या शेजारी बसली होती. तू गेल्यापासून तिने भाकरीला हात लावला नव्हता. मी माझ्या गोल भाकरीचा तुकडा गूळ लावून तिला भरवला. तिने चावला. थांबली. पुन्हा चावला आणि माझ्याकडे बघितलं.

“मम्मी, ही मावशीची नाहीये.”

समोरच्या पंगतीत वाढत असलेले दाजी जागच्या जागी थांबले.

“तिचीच आहे बाळा. खा.”

“नो. मावशीची थोडी बिटर असायची. कडू, कडू. लास्टला घशात लागायची.” मग ती माझ्या कानाशी आली. “आय लाइक्ड दॅट, मम्मी. मला तीच पाहिजे.”

बाजूच्या बाया हसल्या, पोरीचा जीव होता ना अक्कांवर, म्हणाल्या. मी हसले नाही. मी तिचा हात धरून तिला पंगतीतून उठवलं आणि हॉलच्या दाराबाहेर नेलं, उन्हात. तिची हनुवटी वर केली. पापणी खाली ओढली. एक डोळा, मग दुसरा. आता हे मी रोज करते, तिला सवय झालीय, ती बिचारी सूर्याकडे तोंड करून न हलता उभी राहते.

दाजी मागोमाग बाहेर आले होते. वाढायचं भांडं अजून त्यांच्या हातात होतं.

“पांढरे आहेत?” त्यांनी विचारलं.

“पांढरे आहेत,” मी म्हटलं.

मग ते सनाजवळ आले, भांडं खाली ठेवलं, आणि वाकून स्वतःचे डोळे तिच्यासमोर उघडे धरले. “माझेही बघ गं बाळा,” म्हणाले.